साथरोगांवर गावाचा जागता पहारा

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की शेतकऱ्याची पेरणीची लगबग सुरू होते. याच सुमारास आणखी एका यंत्रणेच्या कामालाही वेग येतो. उपकेंद्रातील आरोग्य सेविका आपल्या नोंदवह्या चाळू लागते, प्राथमिक आरोग्य केंद्रात जलसंजीवनीच्या पाकिटांचा साठा मोजला जातो आणि ग्रामपंचायतीच्या कोठीत ब्लिचिंग पावडर किती उरली आहे, याची विचारणा होते. पहिल्या पावसाचे पाणी गावाची घाण बरोबर घेऊन ओढ्यात, ओढ्यातून विहिरीत आणि फुटक्या जलवाहिनीतून थेट घराच्या माठात जाऊन पोहोचते. त्यापाठोपाठ अतिसार, कावीळ, विषमज्वर, आणि साचलेल्या पाण्यामुळे हिवताप, डेंग्यू हे पाहुणे न बोलावता येतात.

साथ आल्यावर धावपळ करणारे आरोग्य खाते सर्वांच्या परिचयाचे असते. तथापि या खात्याचे खरे काम साथ येण्यापूर्वीच चालू असते आणि ते यशस्वी झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. न आलेल्या साथीची बातमी होत नाही. म्हणूनच हे काम कसे चालते, त्यात कोणाचा वाटा किती आणि ते नेमके कोठे अडखळते, हे गावचा कारभार पाहणाऱ्यांनी आणि शाळा चालविणाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मांडवी ते मामला

महाराष्ट्राच्या भूमीला साथींचा इतिहास नवा नाही. सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी आपल्या रुग्णांमध्ये प्लेगची लक्षणे ओळखली. एका जागरूक डॉक्टरने वेळीच दिलेली ती सूचना होती. परंतु पुढे काय घडले, ते सर्वश्रुत आहे. सन १८९७ मध्ये साथरोगांविषयीचा कायदा झाला आणि पुण्यात सोजिरांकरवी घरोघरची झडती सुरू झाली. देवघरापर्यंत शिरणारी ती तपासणी लोकांना रोगाहून भयंकर वाटली. माणसे आजारी नातलगांना लपवू लागली आणि लपविलेला रुग्ण म्हणजे मोकळा सुटलेला रोग. त्या जुलमाविरुद्धचा संताप २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावरील गोळीबारातून प्रकट झाला.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, दुसरेही एक उदाहरण घडत होते. सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा आरंभिली. रुग्णाला स्वतः उचलून आणणाऱ्या त्या माउलीला अखेर त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. भीतीने रुग्ण लपतो आणि मायेने तो पुढे येतो, हा साथनियंत्रणाचा पहिला धडा अशा रीतीने महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे.

दुसरा धडा जवळजवळ शंभर वर्षांनी मिळाला. सन १९९४ च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला. सप्टेंबरमध्ये काखेत व जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण आढळले. त्याच महिन्यात गुजरातमधील सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगचे वृत्त आले आणि लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. विमाने थांबली, निर्यात अडली, देशाला मोठा आर्थिक फटका बसला. रोगाच्या विचारापेक्षा भयाचा प्रसार अधिक वेगाने झाला. रोगाची चाहूल देणाऱ्या खुणा गावात दिसतात, परंतु त्या वरपर्यंत वेळेवर आणि नियमाने पोहोचविणारी व्यवस्था असावयास हवी, याची जाणीव त्या प्रसंगाने देशाला झाली. त्यातूनच सन १९९७ मध्ये संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आकारास आला. महाराष्ट्र या प्रकल्पाच्या पहिल्याच टप्प्यातील राज्यांपैकी एक होय.

तीन नमुने, तीन पायऱ्या

या प्रकल्पाचा गाभा अगदी साधा आहे. माहिती तीन पायऱ्यांनी गोळा होते. पहिली पायरी उपकेंद्राची. सर्वसाधारण भागात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरलेले आहे. तेथील आरोग्य सेवक व सेविका गृहभेटी देतात आणि ताप, जुलाब, खोकला, कावीळ, पुरळ अशा केवळ लक्षणांवरून संशयितांची नोंद करतात. रोगाचे नाव सांगणे हे त्यांचे काम नव्हे. ‘ताप, पुरळासह’ एवढीच नोंद पुरेशी असते. साधारणतः हजार लोकवस्तीमागे असलेली आशा स्वयंसेविका ही या पायरीचे डोळे आणि कान होय.

दुसरी पायरी डॉक्टरची. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा खाजगी दवाखान्यातील डॉक्टर रुग्णाला तपासून संभाव्य निदान नोंदवितो. तिसरी पायरी प्रयोगशाळेची. तेथे रक्त, शौच अथवा थुंकी यांच्या तपासणीने रोग निश्चित होतो. संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा या तीन प्रकारच्या माहितीसाठी तीन वेगवेगळे नमुने ठरविलेले आहेत. पूर्वी हे नमुने आठवड्यातून एकदा कागदावर भरून पाठविले जात. एप्रिल २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ही माहिती भ्रमणध्वनीवरून अथवा संगणकावरून थेट भरली जाऊ लागली. त्यामुळे गावातील नोंद तालुका, जिल्हा आणि राज्य या तिन्ही स्तरांवर त्वरित दिसू शकते.

सरकारी दवाखान्यात न येता अनेक रुग्ण खाजगी डॉक्टरांकडे जातात. त्यांची माहिती मिळाली नाही तर सर्वेक्षणाची एक बाजू आंधळी राहते. म्हणून खाजगी दवाखाने व प्रयोगशाळा यांचा सहभाग हा या कामाचा अत्यावश्यक भाग मानला जातो.

साथ म्हणावी केव्हा?

पावसाळ्यात दोन-चार जणांना जुलाब होणे ही कोणत्याही गावात नवलाची गोष्ट नाही. मग साथ कोणत्या क्षणी सुरू झाली असे म्हणावे? याचे उत्तर मागील नोंदींत असते. त्या गावात, त्या महिन्यात, गेल्या काही वर्षांत सामान्यतः जितके रुग्ण आढळले, त्याहून स्पष्टपणे अधिक रुग्ण आढळू लागले म्हणजे ती साथ किंवा उद्रेक समजावा. अर्थात मागील वर्षांच्या नोंदी प्रामाणिकपणे झाल्या नसतील, तर ‘नेहमीचे’ म्हणजे किती हेच कळत नाही. तापमापक फुटलेला असेल, तर ताप चढला की उतरला हे सांगणार कसे?

काही रोगांच्या बाबतीत मात्र तुलना करण्याची वाट पाहावयाची नसते. पटकी, घटसर्प, प्लेग यांचा एकच रुग्ण आढळला तरी धोक्याची घंटा वाजते. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर पोलिओची शंका घेऊन त्याची नोंद तत्काळ करावी लागते आणि शक्यतो १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने तपासणीस पाठवावे लागतात. अशा एकेका मुलाचा चिकाटीने शोध घेतल्यामुळेच देशात जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही, याची खात्री देता आली आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभागाबरोबर भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. रुग्ण नसल्याचे सिद्ध करावयाचे असेल तरीही शोध थांबवून चालत नाही, हे यातील मर्म आहे.

शीघ्र प्रतिसाद पथकाचे काम

साथीची शंका येताच जिल्हा अथवा तालुक्याचे शीघ्र प्रतिसाद पथक गावात पोहोचते. साथरोगाचा जाणकार, वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि रोगाच्या स्वरूपानुसार कीटकशास्त्राचा अथवा पशुवैद्यकाचा जाणकार अशी माणसे त्यात असतात. रुग्णांवर उपचार हे पहिले कर्तव्य तर खरेच. जुलाबाच्या रुग्णाला पहिल्या तासापासून जलसंजीवनी मिळाली तर बहुतेक जीव वाचतात. सन १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले, तेव्हापासून या साध्या उपायाची महती जगाने मान्य केली आहे. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घरीच हे द्रावण करता येते.

परंतु पथकाचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे असते. ते म्हणजे साथीचे मूळ शोधणे. प्रथम ‘रुग्ण कोणास म्हणावयाचे’ याची व्याख्या ठरते. उदाहरणार्थ, अमुक तारखेनंतर दिवसात तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झालेली गावातील कोणतीही व्यक्ती. नंतर घरोघर फिरून रुग्णांची यादी होते. वय, लिंग, वस्ती, पहिले लक्षण दिसल्याची तारीख, पिण्याचे पाणी कोठले, गेल्या काही दिवसांत लग्न अथवा जत्रेतील जेवण झाले होते काय, ही माहिती तीत भरली जाते. यादीवरून गावाच्या नकाशावर ठिपके काढले की पुष्कळदा चित्र बोलू लागते. सगळे ठिपके एकाच वस्तीत दाटले असतील आणि त्या वस्तीची जलवाहिनी गटारातून गेलेली असेल, तर शोध कोठे करावयाचा हे सांगावे लागत नाही.

तारखांचा आलेखही असाच बोलका असतो. एकाच दिवशी रुग्णसंख्या उसळून दोन-तीन दिवसांत ओसरली, तर बहुधा एखादे सामूहिक जेवण कारणीभूत असते. ती रोज थोडीथोडी चालू राहिली, तर पाण्यातील दूषितता अद्याप थांबलेली नाही असे समजावे. आणि लाटांमागून लाटा येत असतील, तर रोग माणसाकडून माणसाकडे जात असण्याचा संभव असतो.

आजचा रुग्ण, मागील महिन्याचे पाणी

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. पटकीत तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, डेंग्यूत साधारण चार ते दहा दिवस, तर विषमज्वरात सामान्यतः एक ते तीन आठवडे असतो. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत मात्र तो बराच लांबतो. ‘अ’ प्रकारच्या काविळीत तो सरासरी चार आठवडे असतो, तर ‘ई’ प्रकारच्या काविळीत दोन ते दहा आठवडे.

याचा अर्थ असा की, आज ज्याचे डोळे पिवळे दिसत आहेत, त्याने दूषित पाणी गेल्या महिन्यात प्यालेले असते. आज नळाच्या पाण्याचा नमुना शुद्ध आला म्हणून ‘पाण्याचा दोष नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. त्या वेळी वाहिनी फुटली होती काय, दुरुस्तीसाठी खोदकाम झाले होते काय, ब्लिचिंग पावडर संपली होती काय, हे ग्रामपंचायतीच्या अथवा नगरपालिकेच्या नोंदीतून शोधावे लागते. सन २०१२ मध्ये इचलकरंजी शहरात दूषित पाण्यामुळे ‘ई’ प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली होती. हा रोग गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. म्हणून काविळीची साथ दिसताच गावातील गरोदर मातांची यादी हाती घेऊन त्यांना उकळलेले पाणी मिळते की नाही हे पाहणे, हे आरोग्य सेविकेचे पहिले काम असते.

पाण्याची राखण

पाणी शुद्ध ठेवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आणि त्यावर देखरेख आरोग्य विभागाची, अशी महाराष्ट्रातील कामाची वाटणी आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, गावातील सर्व सार्वजनिक जलस्रोतांची स्वच्छता पाहणी होते. धोका अधिक असलेल्या ग्रामपंचायतीला लाल, मध्यम धोक्याच्या ग्रामपंचायतीला पिवळे आणि सुरक्षित ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखून साथ येऊ न देणाऱ्या गावाला चंदेरी कार्डाचा मान मिळतो.

लाल कार्ड म्हणजे गावाची बेअब्रू, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. वास्तविक ते दुरुस्तीच्या कामाची यादी असते. विहिरीचा कठडा तुटला आहे, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचते, हातपंपाभोवतीचा ओटा फुटला आहे, उकिरडा जवळ आहे, असे दोष त्यात दाखविलेले असतात आणि त्यांपैकी बरेचसे थोड्या खर्चात दूर होतात. कार्ड ग्रामसभेत वाचून दाखविले तर गावकऱ्यांनाही कामाचा अग्रक्रम कळतो.

विहिरीच्या शुद्धीकरणाचा हिशेब सातवीतील विद्यार्थीही करू शकेल. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करून ०.७८५ ने गुणावे, आलेल्या संख्येला पाण्याच्या खोलीने गुणावे. हे घनमीटर झाले. प्रत्येक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असेल, तर पाणी सुमारे ३७,७०० लिटर भरते. चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम धरल्यास या विहिरीला सुमारे ९५ ग्रॅम पावडर लागेल. ती कोरडी विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, आणखी पाणी घालून ढवळावी आणि काही मिनिटे निवू द्यावी. तळाशी बसलेला चुन्याचा साका बाजूला ठेवून वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत घ्यावे व ते विहिरीत सोडून पाणी ढवळावे. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. यासाठी सायंकाळची वेळ सोयीची.

पावडर टाकली म्हणजे काम संपले असे नव्हे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असते, परंतु ओल, ऊन व उघडे तोंड यांमुळे ते झपाट्याने घटते. वर्षभर पोत्यात पडलेली पावडर ही पुष्कळदा नुसता चुना असते. म्हणून ती कोरड्या, थंड जागी घट्ट बंद ठेवावी आणि तिचा नमुना तपासून घ्यावा. शेवटची कसोटी ओ. टी. चाचणीची. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकताच पिवळी छटा आली, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आणि साथीच्या काळात ०.५ मिलिग्रॅम असावे लागते. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून समाधान मानण्यात अर्थ नाही. ती जलवाहिनीच्या अगदी टोकाच्या घरात करावी. कारण गळती वाटेत असते आणि टोकाच्या वस्तीत बहुधा गावातील सर्वांत गरीब माणसे राहतात.

डास, गोचीड आणि मृत माकडे

पाण्यातील रोगांप्रमाणेच कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगांचाही माग काढावा लागतो. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, तर घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. रांजण, हौद, कुलर, टाकून दिलेले टायर, नारळाच्या करवंट्या ही त्याची घरे. अंड्यापासून डास होण्यास सुमारे सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळला तर डासांची पिढी जन्मण्यापूर्वीच नष्ट होते. आरोग्य सेवक घरोघर भांडी पाहतो ते याच कारणासाठी. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या आढळल्या, यावरून रुग्ण दिसण्यापूर्वीच धोक्याचा अंदाज बांधता येतो.

अशा जागरूकतेची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी तापाचे रुग्ण वाढल्याचे ध्यानात आले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले, तेव्हा चिकुनगुनिया आणि डेंग्यू यांच्याबरोबरच राज्यातील झिका विषाणूचा पहिला रुग्ण तेथे आढळला. गावातील साध्या तापाची नोंद झाली नसती, तर एक नवा विषाणू राज्यात नकळत वावरत राहिला असता.

दुसरे उदाहरण माकडतापाचे. सन १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडांमार्फत पसरतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तो २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये आढळला. काजूच्या हंगामात बागेत व रानात जाणाऱ्या मजुरांना त्याचा विशेष धोका. रानात माकडे मरून पडणे ही त्याची पूर्वसूचना होय. तेव्हा मेलेले माकड दिसताच ते न हाताळता वन, पशुसंवर्धन अथवा आरोग्य विभागास कळविणारा गुराखी हा देखील रोग सर्वेक्षणाचा एक शिलेदारच ठरतो. मामल्याचे उंदीर काय किंवा दोडामार्गची माकडे काय, निसर्ग आधी इशारा देतो. तो वाचणारा कोणी असावा लागतो.

औषधाविना हटलेला रोग

या सर्व यातायातीचे फळ काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास नारूचे उदाहरण द्यावे. पन्नाशी-साठी उलटलेल्या ग्रामस्थांना पायातून निघणारा तो हातभर लांब कृमी आठवत असेल. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या रोग्याच्या जखमेतून कृमीची पिल्ले पाण्यात जात, तेथील सूक्ष्म जलपिसू त्यांना गिळत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या देहातून सुमारे वर्षभराने नवा नारू बाहेर पडे. या रोगावर लस नव्हती आणि त्याला मारणारे औषधही नव्हते. महाराष्ट्र हे नारूग्रस्त सात राज्यांपैकी एक होते. सन १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम हाती घेण्यात आला. कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून एकेक रुग्ण शोधला, त्याला पाण्यात उतरण्यापासून परावृत्त केले, पायविहिरींऐवजी हातपंप व रहाटाच्या विहिरी आल्या, पाणी कापडाने गाळून पिण्याची सवय लागली. देशातील शेवटच्या रुग्णाची नोंद १९९६ मध्ये राजस्थानात झाली आणि सन २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नोंद, शोध आणि पाण्याची शिस्त या तीनच शस्त्रांनी हा विजय मिळविला.

खोट्या शून्याचा धोका

मग ही यंत्रणा अडखळते कोठे? पुष्कळदा ती एका अंकापाशी अडखळते. तो अंक म्हणजे शून्य. रुग्ण दाखविले तर वरिष्ठ जाब विचारतील, गावाचे नाव वर्तमानपत्रात येईल, जत्रेला येणारे लोक कमी होतील, अशा भयाने ‘रुग्णसंख्या निरंक’ असे लिहिण्याचा मोह होतो. खरोखर रुग्ण नसल्यास शून्य कळविणे हे कर्तव्यच आहे, कारण न आलेला अहवाल आणि शून्याचा अहवाल यांत महदंतर असते. परंतु पाच रुग्ण असताना लिहिलेला शून्य हा पुढच्या पन्नास रुग्णांचा पाया घालतो. पहिल्या पाच रुग्णांच्या वेळी एक जोड बदलून जे काम झाले असते, त्यासाठी पुढे टँकर, पथके, रुग्णवाहिका आणि कधीकधी तिरडीचीही व्यवस्था करावी लागते.

यास्तव अधिक रुग्ण नोंदविणाऱ्या केंद्राकडे संशयाने पाहण्याची दृष्टी अधिकाऱ्यांनी बदलावयास हवी. ज्या केंद्रातून पावसाळ्यातही महिनोन्‌महिने कसलीच नोंद येत नाही, त्या केंद्राला प्रथम भेट द्यावी. वेळेवर सूचना देणाऱ्या आशा स्वयंसेविकेची पाठ सर्वांसमक्ष थोपटावी. रुग्णाचे नाव चव्हाट्यावर न आणता केवळ वस्तीची माहिती ग्रामसभेसमोर ठेवावी. सन १८९७ च्या पुण्याने शिकविलेला धडा येथे विसरता कामा नये. ज्याला अपमानाची भीती वाटते तो आजार लपवितो.

शिक्षकांचे स्थान या कामात मोलाचे आहे. शाळेचा हजेरीपट हे गावातील आरोग्याचे फार जुने आणि भरवशाचे दप्तर होय. एका वर्गातील पाच-सहा मुले एकाच आठवड्यात तापाने अथवा पुरळाने गैरहजर राहिली, तर ती बातमी दवाखान्याच्या आधी शाळेला कळलेली असते. मुख्याध्यापकांनी तेवढा एक निरोप उपकेंद्रास धाडला, तर गोवरासारख्या रोगाचा माग कित्येक दिवस आधी लागू शकतो. विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून ओ. टी. चाचणी करवून घेतल्यास टोकाच्या वस्तीतील पाण्याची बातमीही रोजच्या रोज मिळेल.

पंचायत सदस्यांनी स्वतःला तीन प्रश्न नेहमी विचारावेत. आज ब्लिचिंग पावडर टाकली काय? शेवटच्या नळाला पिवळी छटा आली काय? आणि या आठवड्यात माझ्या वॉर्डात कोण आजारी पडले? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे नोंदवहीत दररोज उतरत राहिली, तर पाऊस कितीही पडला तरी त्या गावाला साथीचे भय फारसे उरणार नाही. पीक राखण्यासाठी शेतकरी माळ्यावर रात्र जागवितो. माणसे राखण्यासाठी गावानेही तसेच जागते राहिले पाहिजे.